गुरगुर म्हणजे बंड नव्हे

कुत्र्याचे शेपूट सहा महिने नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. ज्या कोणी ही म्हण काढली त्याने नळीची लांबी मोजली असेल, पण शेपटाकडे नीट पाहिले नसावे. कुत्रा शेपटाने बोलतो. इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००७ साली तीस कुत्र्यांच्या शेपटांचे बारकाईने चित्रण केले. मालक दिसला की शेपूट उजवीकडे अधिक झुकून हले. समोर परके, दांडगे कुत्रे आले की डावीकडे. आपण मात्र या साऱ्याला 'शेपूट हलवतोय' एवढे एकच नाव देऊन मोकळे होतो. त्यातही घोटाळा आहेच. ताठ उभे राहून टोकाशी भराभर थरथरणारे शेपूट आनंदाचे नसते. तेथे हात पुढे करणाऱ्याने आपली बोटे सांभाळावीत.

एरवी कुत्रा आपल्याला अपरिचित आहे असे कोण म्हणेल? दत्ताच्या तसबिरीत तो चार रूपांनी आहे, खंडोबाच्या पायाशी आहे, धर्मराजाबरोबर तो हिमालयात गेला. आणि तरीही 'कुत्र्याचे जिणे' नि 'कुत्र्याची मौत' हे शब्द आपलेच! तसबिरीतल्याला फूल आणि रस्त्यावरच्याला धोंडा, असा आपला जुना रिवाज. गेल्या काही दशकांत मात्र त्यात एक तिसरा प्रकार आला आहे. मध्यम स्थितीतल्या घरांतून, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतूनसुद्धा, हौसेने विकत घेतलेला 'जातिवंत' कुत्रा दिसू लागला. आणि पट्टा-साखळीवर फुकट मिळावा तसा त्याच्याबरोबर एक सल्लाही आला. कुत्रा हा मुळात लांडगा. लांडग्यांच्या टोळीला एक म्होरक्या असतो. घरात तुम्ही म्होरके झाला नाहीत तर तो होईल. तेव्हा मालक कोण हे त्याला एकदा दाखवून द्या!

ऐकायला हे मोठे शास्त्रीय वाटते. शेजारी सांगतात, दूरचित्रवाणी सांगते, मोबाइलवर तर दिवसाला दहा माणसे सांगतात. या सल्ल्याने एका चांगल्या घराचे काय झाले ते मी लोट्याला जवळून पाहिले.

मुंबई-गोवा महामार्गाने खेड मागे टाकून चिपळूणकडे निघाले की परशुराम घाट लागण्यापूर्वी लोटे येते. घाटात परशुरामाचे प्राचीन देऊळ, खाली वाशिष्ठीचे खोरे, आणि अलीकडे रासायनिक कारखान्यांची ही औद्योगिक वसाहत. पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होते. नोकरीच्या निमित्ताने बाहेरून येऊन येथे स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ. कुत्र्यांच्या येथे दोन जाती आहेत, आणि त्या नावावरून ओळखाव्यात. फाटकाच्या आतली ती शेरू, टायगर, रॉकी. फाटकाबाहेरची ती काळ्या, तांबडी, लंगड्या.

माझे एक स्नेही तेथील एका कारखान्यात केमिस्ट आहेत. घरात ते, त्यांची पत्नी, आई आणि सात वर्षांचा मुलगा. दीड महिन्याचे अल्सेशियनचे पिल्लू त्यांनी पुण्याहून आणले आणि शेरू असे त्याचे नाव ठेवले. वर्षभर सारे कौतुकात गेले. एके दिवशी शेरू जेवत असताना मुलगा त्याच्या भांड्याजवळ गेला. शेरू खायचा थांबला, जागच्या जागी ताठ झाला, वरचा ओठ किंचित उचलला आणि गुरगुरला. घरात एकच खळबळ उडाली. ज्याला हाताने भरवले तोच उलटला!

शहरातून एक शिकवणारे गृहस्थ बोलावण्यात आले. त्यांनी पाहताक्षणी निदान केले, "हा तुमच्यावर राज्य करायला बघतोय." मग पथ्ये सुरू झाली. आधी माणसांनी जेवायचे, मग कुत्र्याने. दारातून आधी माणूस बाहेर पडेल. भांडे मध्येच उचलून घ्यायचे आणि पुन्हा ठेवायचे. गुरगुरला की साखळीला हिसका, तोंडावर वर्तमानपत्राची गुंडाळी, आणि तरीही ऐकले नाही तर उताणे पाडून, गळ्याशी दाबून, हलायचा थांबेपर्यंत धरून ठेवायचे. आजी म्हणाल्या, "अरे, अन्नावरून उठवू नये रे कुणाला." पण आजींचे म्हणणे शास्त्रीय नव्हते.

तीन आठवड्यांत गुरगुर बंद झाली. 'कुत्रा सरळ झाला' म्हणून सर्वांना समाधान वाटले. श्रावणातल्या एका संध्याकाळी मुलाचा चेंडू घरंगळत भांड्यापाशी गेला. मुलगा वाकला. या वेळी शेरू गुरगुरला नाही. त्याने सरळ मुलाच्या दंडावर दात रोवले.

पुढचे प्रसंगावधान वहिनींचे. त्यांनी हळद नाही, चुना नाही, काही लावले नाही. मुलाला नळाखाली उभे करून वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतली आणि तडक दवाखाना गाठला. घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा चावा असला तरी हेच करावयाचे असते. रेबीज एकदा अंगात उमटला की जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर तो टाळता येतो. त्यामुळे येथे चालढकल नको.

मुलगा बरा झाला. प्रश्न उरला तो शेरूचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमुखाने उपाय सांगितला की घाटात सोडून या. सोडून येणे हा शब्द किती सोज्वळ आहे! कोकणात ज्याला सरसकट वाघ म्हणतात तो बिबट्या घाटाघाटांतून आहे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या मानाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. भांड्यात वाढलेले खाणारा शेरू तेथे किती रात्री काढणार?

आता तो सल्ला आला कोठून, हे पाहू. त्याची वंशावळ गमतीची आहे.

जर्मनीत कोनराड मोस्ट नावाचा पोलीस अधिकारी होता. त्याने १९१० साली कुत्रे शिकवण्यावर पुस्तक लिहिले. माणूस आणि कुत्रा यांच्यात एकच जिंकू शकतो, आणि तो माणूस असला पाहिजे, असा त्याचा एकंदर रोख. लष्करी शिस्तीचा तो काळ. सैनिकालाही तसेच शिकवीत आणि शाळेतल्या पोरालाही. पुढे १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथे दहापर्यंत लांडगे, आणि जागा जेमतेम दहा मीटर रुंद, वीस मीटर लांब. ते भांडत, एकमेकांना दबवीत, आणि त्यांतून एक नर नि एक मादी वरचढ ठरत. शेंकेल यांनी पाहिले ते खोटे नव्हते. प्रश्न एवढाच, की त्यांनी पाहिले काय? आगगाडीच्या डब्यात तिसऱ्या दिवशी अडकून पडलेले उतारू पाहून कोणी मराठी कुटुंबसंस्थेवर ग्रंथ लिहिला तर तो कितपत खरा मानावा?

परंतु कल्पना सोपी होती, आणि सोप्या कल्पनेला पाय फुटतात. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'द वुल्फ' हे पुस्तक लिहिले. त्यात म्होरक्याची ही कल्पना त्या वेळच्या ज्ञानानुसार आली, आणि पुस्तक खूप खपले. १९७८ साली न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्कीट मठाच्या साधूंनी कुत्र्यांवर पुस्तक काढले. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याची युक्ती घरोघर पोहोचली ती त्यातून. लोट्याच्या घरात शेरूच्या छातीवर जो गुडघा होता, त्याची वाट अशी जर्मन पोलीस, स्विस पिंजरा आणि अमेरिकन मठ यांमधून आलेली!

यापुढची हकीकत मात्र सल्ला देणारे कधी सांगत नाहीत. मेक हे १९८६ पासून दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील एल्समियर बेटावर जाऊ लागले. तेथील मोकळे लांडगे त्यांना इतके सरावले की ते अगदी जवळ बसून त्यांची दिनचर्या पाहू शकत. १९९८ पर्यंतचे तेरा उन्हाळे त्यांनी असे घालवले आणि १९९९ मध्ये निबंध लिहून सांगून टाकले की रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची गेल्या एक-दोन-तीन वर्षांची पिल्ले. आईबाप पुढे चालतात, कारण ते आईबाप आहेत. मुले वयात आली की बापाला पदच्युत करण्याच्या भानगडीत न पडता घर सोडून जातात आणि जोडीदार शोधून आपला संसार थाटतात. मेक तेवढ्यावर थांबले नाहीत. आपलेच गाजलेले पुस्तक छापणे बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. २०२२ मध्ये ते एकदाचे बंद झाले. स्वतःचे खपणारे पुस्तक बंद करण्यासाठी झगडलेला लेखक निदान माझ्या पाहण्यात दुसरा नाही. मठातल्या साधूंनीही २००२ च्या सुधारित आवृत्तीत आपला उताणे पाडण्याचा सल्ला मागे घेतला.

यासाठी ध्रुवाकडे जायलाच हवे असे नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर, पुणे जिल्ह्यातल्या गवताळ रानांत आपला लांडगा आहे. त्याच्याही टोळ्या लहान, मुख्यतः एकाच कुटुंबाच्या. आणि सह्याद्रीतले कोळसुंदे, म्हणजे आपले रानकुत्रे? शिकार पडली की ते पिल्लांना आधी खाऊ देतात. 'आधी म्होरक्याने जेवावे' या नियमाला आपल्या रानात तरी आधार सापडत नाही. वानरांच्या टोळीत सत्तेसाठी झगडा होतो हे खरे; व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' ज्यांनी वाचले असेल त्यांना तो डोळ्यांपुढे दिसेल. पण प्रत्येक जनावराची रीत निराळी. वानराचा नियम कुत्र्याला लावणे म्हणजे वऱ्हाडाचा सातबारा घेऊन रत्नागिरीत जमीन मोजायला जाणे.

शिवाय कुत्रा लांडगा तरी कोठे राहिला आहे? हजारो वर्षे तो माणसाच्या उकिरड्याशी, चुलीशी, दाराशी राहून वेगळा प्राणी झाला. त्याला ओळखायचे तर तो मोकळा असताना पाहावे, आणि या बाबतीत आपला देश भाग्यवान आहे. परदेशी शास्त्रज्ञांना मोकळी कुत्री शोधावी लागतात. आपल्याला ती टाळावी लागतात. कोलकात्याजवळ मोहनपूर येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी बरीच वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करीत आहेत. त्यांच्या पाहण्यात आजी नातवंडांची देखभाल करते. २०१७ मध्ये त्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना रोज खाऊ दिला, काहींना नुसते थोपटले. कोणाचा विश्वास अधिक बसला? थोपटलेल्यांचा. २०२० च्या दुसऱ्या प्रयोगात माणसाने दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवले. जवळपास निम्मी कुत्री भीतीने पुढे आलीच नाहीत. जी आली, त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी बोट दाखवलेल्याच भांड्याकडे धाव घेतली. कोणी शिकवले नव्हते, आणि साखळीला हिसकाही नव्हता.

ही निम्मी भितात का, त्याचेही उत्तर त्याच संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासात मिळते. त्यांनी ३६४ पिल्लांची नोंद ठेवली; त्यांतली अवघी १९ टक्के प्रौढ वयापर्यंत पोहोचली. जी गेली त्यांतल्या ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूमागे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष माणसाचा हात होता.

लोट्यात मी तीन सकाळी फाटकासमोरच्या टपरीवर बसून बाहेरच्या मंडळींचे दरबार पाहिले. काळ्या, तांबडी आणि इतर चार. मानपान त्यांच्यात नाही असे नाही. म्हातारी तांबडी आली की तरुण कुत्री मान वळवून बाजूला होत, तिच्या तोंडाशी नाक नेऊन शेपटे खाली हलवीत. पावाचा तुकडा तिच्या पायाशी पडला तर तिकडे कोणी पाहत नसे. पण तिने कोणाला उताणे पाडले, गळा दाबला, असे एकदाही दिसले नाही. धाकट्याने आपण होऊन पोट दाखवायचे आणि तिने पाहिले-न-पाहिलेसे करायचे, एवढ्यात सारे आटपे. इटलीत रोमजवळच्या मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यातही हेच आढळले. टोळी निघते ती नुसत्या दांडगाई करणाऱ्याच्या मागे निघत नाही. ज्याला इतर जण आपण होऊन सलोख्याने भेटतात, त्याच्या मागे निघते. तेव्हा कुत्र्यांत लहानमोठेपणा आहे. 'हा मालकाचे घर बळकावू पाहतो' हा मात्र आपला कल्पनाविलास.

मग शेरू गुरगुरला का? कारण त्याच्या तोंडचा घास जाईल अशी त्याला भीती वाटली. गोष्ट एवढीशी होती. आणि त्याने ती किती सभ्यपणे सांगितली पाहा! आधी खाणे थांबवले. मग अंग ताठ केले. डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसू लागले. ओठ उचलला. मग आवाज. यापूर्वीही त्याने जांभई दिली असेल, नाक चाटले असेल, मान फिरवली असेल. ही सगळी कुत्र्याच्या भाषेत 'जरा दूर राहा' म्हणण्याची पायरी पायरी आहे. भांडे उचलून घेण्याच्या पथ्याने त्याची भीती रोज खरी ठरत गेली, आणि माराने फक्त आवाज बंद झाला. टपरीवरचा रात्रपाळीचा वॉचमन हे ऐकून मला म्हणाला, "गुरगुर म्हंजे त्याची घंटा हो सायब. तीच तुमच्या दोस्तानी काढून टाकली."

महाभारताचा आरंभ ज्यांनी वाचला असेल त्यांना येथे सरमेची आठवण होईल. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असताना देवशुनी सरमेचे पिल्लू तेथे आले. श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन या राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. आईने आधी त्यालाच विचारले, तू काय अपराध केलास? हविर्द्रव्याकडे मी पाहिलेही नाही, चाटलेही नाही, असे ते म्हणाले. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारू लागली, कोणी उत्तर देईना, तेव्हा तिने शाप दिला की निरपराध्याला मारलेत, आता न दिसणारे भय तुमच्यावर येईल. शस्त्राने मारीन, कुळ बुडवीन, असले काही ती म्हणाली नाही. न दिसणारे भय! गुरगुर मारून टाकलेले कुत्रे घरात बाळगणे याहून त्याचे नेमके वर्णन कोणते करावे? एवढा मोठा राजा, पण त्या शापाने तो अस्वस्थ झाला आणि शांतीसाठी पुरोहित शोधीत फिरला.

आपल्या मराठी वाचकाला पुराणापेक्षा आकडे अधिक पटतात, म्हणून तेही देतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० कुत्रेवाल्यांकडून माहिती घेतली. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथाडणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांवर कुत्रा उलट धावून आला. उताणे पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के, नुसते डोळ्यांत डोळे घालून दरडावणाऱ्यांत ३० टक्के. पोर्तुगालमध्ये २०२० साली धाकाने शिकवणाऱ्या आणि बक्षिसाने शिकवणाऱ्या शाळांतल्या ९२ कुत्र्यांची तुलना झाली. धाकाच्या शाळेतील कुत्र्यांच्या लाळेत तणावाचे रसायन शिकवणीनंतर अधिक वाढलेले होते. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने तर २००८ मध्येच या म्होरकेगिरीविरुद्ध निवेदन काढले.

"आमच्या वाड्यातली कुत्री मार खाऊनच शहाणी झाली," असे म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचे अगदीच खोटे नाही. माराने एखादी गोष्ट थांबते. पण त्याऐवजी काय करावे ते माराने कळत नाही, आणि मार कशासाठी हे कुत्र्याला कळतेच असेही नाही. ऑफिसातून आल्यावर चप्पल कुरतडलेली दिसते, आपण ओरडतो, कुत्रा कान पाडून, अंग चोरून बसतो. 'बघा, चोराच्या मनात चांदणे!' असे आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर हे तपासले. खाऊ न चोरलेल्या कुत्र्यालाही मालक रागावला तर तो तसाच 'अपराधी' दिसे, किंबहुना थोडा अधिकच. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याचा नसून आपल्या रागाचा. आणि काकांना आणखी एक सांगावेसे वाटते. शाळेतली छडीही वर्षानुवर्षे अशीच शास्त्रशुद्ध होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तिला बंदी आहे.

आता शेरूचे काय झाले ते सांगतो. घाटात न सोडता त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याचे कान, दात आणि सांधे तपासले. हे फार महत्त्वाचे. शांत कुत्रा अचानक चिडखोर झाला तर आधी दुखणे शोधावे. कोकणच्या पावसाळ्यात कान चिघळतात, गोचिडांनी ताप येतो. दुखऱ्या कानाला मुलाने प्रेमाने मिठी मारली तरी कुत्रा दात दाखवील. शेरूचे अंग निरोगी निघाले. तेव्हा डॉक्टरांनी उपचार सांगितला तो असा, की ऐकून केमिस्टसाहेबांना प्रथम हसूच आले. भांडे काढून घेऊ नका, भांड्यात टाका.

पहिले आठ दिवस स्नेही चार हात लांबून जात आणि जाता जाता सोड्याचा एक तुकडा भांड्याकडे भिरकावीत, बस. थांबायचे नाही, बोलायचे नाही. शेरूचे अंग ढिले दिसले तरच दुसऱ्या दिवशी एक पाऊल जवळ. साध्या भाकरीवर सुकी मासळी आकाशातून पडते, आणि ती पडते माणूस जवळ आला म्हणजे, हे कुत्र्याच्या डोक्यात शिरायला सहा आठवडे लागले. मग माणसाची चाहूल लागली की तो भांड्यातून तोंड वर काढून वाट पाहू लागला. मधेच एकदा आजींचा पाय भांड्याला लागला आणि शेरू हलकेच गुरगुरला. आजी मागे सरल्या, तो गप्प झाला. त्या दिवशी वहिनींनी मला फोन करून आनंदाने सांगितले, "गुरगुरला हो!" मुलाला मात्र यातले काहीच करू दिले नाही. शेरू मागील पडवीत जेवतो, तेव्हा मधले दार लावलेले असते. तो नियम आजही आहे आणि पुढेही राहील. लहान मूल आणि जेवणारे कुत्रे यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीविना एकत्र ठेवू नये. कुत्रा कितीही गुणी असो.

चावून झालेल्या कुत्र्यावर असले प्रयोग पुस्तक वाचून करू नयेत; जवळ जाणकार असावा. पण ज्याने अजून काही केलेले नाही अशा पिल्लाला पहिल्यापासून असे वाढवणे कोणालाही जमेल. बसायला सांगावे, बसला की त्याच क्षणी तुकडा द्यावा. 'त्याच क्षणी' हे खरे मर्म. उशिरा दिलेले बक्षीस उशिरा पोहोचलेल्या तारेसारखे, कशाबद्दल होते ते कळत नाही. आणि याला लाड म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मुंबई पोलिसांचा 'जंजीर' आठवावा. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या त्या भयंकर दिवसांत या लॅब्रेडॉरने नाकाच्या बळावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब शोधून दिले. २००० साली तो वारला. स्फोटके हुडकण्याचे शिक्षण जगभर खेळ आणि बक्षीस यांवरच चालते. दटावून कुत्र्याला बसवता येईल, पण दटावून त्याला हुंगायला कोण लावणार?

साखळीबद्दलही दोन शब्द. दिवसभर बांधलेला कुत्रा भुंकतो, खणतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर झेपावतो, आणि आपण त्याला 'डॉमिनंट' म्हणतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलम सांगते की नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हा आहे. सकाळ-संध्याकाळ फिरायला नेताना त्याला हुंगू द्यावे. विजेचा खांब हे त्याचे वर्तमानपत्र आहे. आपले वाचून होईपर्यंत आपल्याला तरी कोणी ओढून नेलेले खपते का?

हा अंक हाती पडेल तेव्हा फटाके सुरू झालेले असतील. कुत्र्याला आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक ऐकू येते. तो थरथरू लागला, पलंगाखाली शिरला तर त्याला भित्रा म्हणून बाहेर ओढू नये, आणि 'सवय व्हावी' म्हणून अंगणात तर मुळीच बांधू नये. जवळ घेतल्याने भीती वाढते ही समजूतही चुकीची आहे. तो जवळ आला तर खुशाल थोपटावे. अंधार पडण्यापूर्वी फिरवून आणावे, आतल्या खोलीत जुन्या चादरीचे अंथरूण करावे, खिडक्या लावून रेडिओ चालू ठेवावा. दरवर्षी फारच घाबरत असेल तर पशुवैद्यांकडून औषध आधीच विचारून ठेवावे, माणसांचे औषध आपल्या मनाने देऊ नये. पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा, कारण दिवाळीच्या रात्री बिथरून पळालेली कुत्री वाट चुकतात. आणि फाटकाबाहेर एखादी तांबडी पिल्ले घेऊन जिन्याखाली आडोशाला आली, तर चार दिवस तिला तेथेच राहू द्यावे.